एका डब्यातल्या गोळ्या

दवाखान्यातल्या दीपमाला मॅडमचा फोन आला तेव्हा मी अंगणात शेंगा निवडत बसलो होतो.

"काका, आपला गोळ्यांचा अभ्यास संपला," त्या म्हणल्या. "कुणाला खरी गोळी होती आणि कुणाला खोटी, ते आता आम्ही ज्याला त्याला सांगतोय. उद्या सकाळी द्वारकाबाईंच्या घरी येते. तुम्हीही या. त्या म्हणाल्या, भाऊजी आल्याशिवाय मी काही ऐकणार नाही."

"मला न्हाई ऐकायचं," मी म्हणलं, आन् फोन ठेवून दिला.

माझी बायको गिरिजा चुलीपासून बोलली, "जा की. किती दिवस तोंड चुकवून राह्यणार?"

"तू तुझी भाकर पाह्य!" मी तिच्यावर खेकसलो. माझा स्वभावच तसला आहे, तोंड आधी सुटतं आन् डोकं मागून येतं. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मला राग आला न्हवता, भ्या वाटत होतं. माझा दोस्त कचरू हृदयाच्या झटक्यानं गेला आन् मी राह्यलो. दोघंही त्याच अभ्यासात होतो. आता त्याची गोळी खोटी निघाली आन् माझी खरी, तर काय? त्याच्या वाट्याचं आयुष्य मी खाऊन राह्यलो, असंच झालं ना? मंग त्याच्या बायकोसमोर, द्वारकावहिनींसमोर, कोणत्या तोंडानं बसायचं?

थांबा, मधूनच सांगून राह्यलो. बराबर पयल्यापासून सांगतो.

कचरू डायवर आन् मी कंडक्टर. एसटीच्या भोकरदन-जालना गाडीवर आमची जोडी होती. दुसरा डायवर लावला की मी साहेबांशी भांडायचो, आन् दुसरा कंडक्टर लावला की कचरूचं डोकं दुखायचं. शेवटी साहेबच कंटाळले आन् दोघांना एकत्र ठेवलं. गाडीत मात्र आमचं एक मिनिट पटायचं न्हाई. मी पडलो नियमाचा माणूस. टाइम झाला की डबल बेल मारायचो. हा गाडी सोडायचाच न्हाई.

"कंडक्टर, ती म्हातारी येऊन राह्यली बघ."

"अरे, ती अजून शेताच्या धुऱ्यावर आहे!"

"मंग धुऱ्यावरून येईल. तुला कुठं जायचंय जल्दी, लग्नाला?"

आन् म्हातारी यायची, बोचकं माझ्या पायावर आदळायची, वर मलाच म्हणायची, डायवर देवमाणूस आहे, तू लई खडूस. चतुर्थीला राजूरच्या गणपतीपर्यंत तर पाय ठेवायला जागा राह्यची न्हाई. कुणाची कोंबडी सुटायची, कुणाचं लेकरू रडायचं, कॉलेजच्या पोरी खिदळायच्या, मी गर्दीत मुंगीसारखा घुसून तिकिटं फाडायचो, आन् हा तिकडं पुढं आरशातून माझ्याकडं पाहून हसायचा. तो आरसा, ते हसू, अजून डोळ्यापुढं आहे. आता नव्या गाड्या आल्या, तिकीट मशीनमधून निघतं. सुख आहे, पण माझा जीव त्या जुन्या खडखडाटात अडकलेला आहे.

डब्याचं सांगायचं राह्यलं. मी आमच्या गावच्या बुद्धवाड्यातला, कचरू मराठ्यांच्या आळीतला. त्या काळी दुपारी सगळे स्टाफवाले डबे घेऊन बसायचे. तोंडावर कुणी काही बोलायचं न्हाई, पण माझ्या बाजूची जागा मोकळी राह्यची. ते मला कळायचं, त्यांनाही कळायचं. कचरू माझ्या गाडीवर आला त्या पयल्याच दिवशी त्यानं त्याचा डबा उघडून माझ्यापुढं ठेवला, माझ्या फडक्यातली भाकर उचलली, मोडली आन् सरळ त्याच्या कालवणात टाकली.

"एका गाडीला दोन डबे कशाला?" म्हणला. "ज्याचं जे असंल ते एकात कालवू. निम्मं तुझं, निम्मं माझं."

समोरच्यांचे घास हातातच राह्यले. कचरूनं तिकडं पाह्यलंसुद्धा न्हाई. तेव्हापासून रिटायर होईपर्यंत आम्ही एकाच डब्यात जेवलो. डबा त्याचा, पितळी, वर एक लहान कप्पा ठेच्यासाठी. द्वारकावहिनींचं वांगं आन् गिरिजाची अंबाडी त्यात कालवून तो असा खायचा की बघणाऱ्याला भूक लागावी. मी म्हणायचो, अरे, दोन भाज्यांची चव घालवलीस. तो म्हणायचा, तिसरी मिळाली ना?

रिटायर झाल्यावर काही वर्षांनी संभाजीनगरच्या एका दवाखान्याची माणसं गावात आली. झटका अन् लकवा येण्याआधीच अडवता येतो का, याचा अभ्यास. गावोगावची हजारो माणसं त्यात होती. शाळेत टेबलं लावली. पोटाला टेप, दंडाला पट्टा, बोटातून रक्त.

"लेका, गाड्यांसारखी माणसांची पासिंग सुरू झाली," कचरू म्हणला.

दीपमाला मॅडमनं वय, बिडी, रक्तदाब, चरबी, बापाला काय झालतं, सगळं विचारलं आन् येणाऱ्या वर्षांत कुणाला किती धोका आहे त्याचा आकडा काढला. माझा आकडा कचरूच्या दुप्पट निघाला. मी बिडीवाला, माझा बाप झटक्यानंच गेल्ता. कचरूनं तर मांडीवर थाप मारली.

"कंडक्टर! तुझं तिकीट आधी फाटणार! तुझ्या तेराव्याला बुंदी मीच वाढणार बघ."

"आधी तुझं पोट आत घे," मी म्हणलं.

मंग मॅडमनी गोळीचं समजावून सांगितलं. एका बाटलीत खरी गोळी, रक्तदाबाचं आन् चरबीचं औषध एकात. दुसऱ्या बाटलीत तशीच दिसणारी, पण आत औषध न्हाई. कुणाला कोणती ते कॉम्प्युटर चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणार, मॅडमलाही कळणार न्हाई. त्याशिवाय गोळीचा खरा गुण समजत न्हाई म्हणल्या. हे ऐकून कचरू खुर्ची पुढं ओढून बसला.

"मॅडम, आम्हा दोघांना एकच द्या की. दोघांना खरी, न्हाई तर दोघांना खोटी."

"तसं नाही चालत, काका."

"आमचं तसंच चालतं," तो म्हणला. पण सही केली. मीही केली.

माझी बाटली त्यानं त्याच्याच घरी ठेवून घेतली. तू इसरभोळा म्हणला, सकाळी चहाला येतोस तवा देत जाईन. रोज सकाळी आम्ही केळना नदीच्या पुलापर्यंत फिरून यायचो, ओट्यावर बसायचो, वहिनी चहा आणायच्या आन् हा आतून मुठीत दोन गोळ्या घेऊन यायचा. "तोंड उघड, तिकीट घे," म्हणायचा. जन्मभर मी तिकिटं दिली, म्हातारपणी हा मला देऊन राह्यला. मी पाणी पिऊन गोळी गिळली का, ते बघितल्याशिवाय स्वतःची खायचा न्हाई. माझ्या आयुष्यातल्या लई गोड सकाळी त्या. तेव्हा कळलं न्हाई.

आन् मंग एक दिवस भोकरदनच्या बाजारातून येताना गाडीतच त्याच्या छातीत कळ आली. डायवरच्या मागच्या शिटावर बसलो होतो, त्याला तीच जागा लागायची. घामानं भिजला. माझं मनगट धरलं आन् म्हणला, "कंडक्टर, बेल मार." मी उठून दोरी ओढली. डायवर पोरगं चांगलं, भरल्या गाडीनिशी मागं वळून दवाखान्यात आलं, एका माणसानं कुरकुर केली न्हाई. पण कचरू त्याच्या आधीच गेल्ता. आकड्यानं माझं नाव घेतलं आन् गेला हा.

तेराव्याला पंगतीत कुणीतरी माझ्याकडं बघून बोललंच, "तातेरावाची गोळी खरी असंल, याची खोटी. नशीब ज्याचं त्याचं." द्वारकावहिनी तिथंच भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं. माझ्याकडं पाह्यलं आन् मान खाली घातली. मी समजून चुकलो, त्यांच्याही मनात तेच आहे. बुंदी ताटात तशीच सोडून उठलो. पुढं आरोग्यसेविका येऊन माझी बाटली घरी देऊन गेली, अन् मी त्या ओट्याकडं जायचं बंद केलं. पुलावर जायचं झालं तर वेशीकडून लांबचा रस्ता धरायचो.

तर फोन ठेवला खरा, पण दुसऱ्या दिवशी गेलो. गिरिजानं धुतलेलं धोतर पुढं टाकलं आन् दारात उभी राह्यली, दुसरा इलाज न्हवता.

ओटा तसाच होता. वहिनी खांबाला टेकून बसल्या होत्या, वाळून गेल्या होत्या. मॅडमनी दोन बंद पाकिटं काढली. माझं काळीज असं उडून राह्यलं होतं, वाटलं आकडा आज खरा होतो.

"कचरू काकांची गोळी," मॅडम हळू म्हणल्या, "खरी होती. तातेराव काका, तुमची खोटी होती."

देवाशप्पथ सांगतो, मला आधी आनंद झाला. छातीवरचा धोंडा कुणी उचलून फेकावा तसं झालं. "वहिनी!" मी ओरडलोच, "ऐकलं का? माझी खोटी होती! त्याचीच खरी होती! मी त्याचं काही खाल्लं न्हाई!"

मॅडम सांगून राह्यल्या होत्या की, गोळीनं धोका कमी होतो, पण सगळा जात न्हाई, खरी गोळी घेणारीही काही माणसं गेली. पण वहिनींचं तिकडं ध्यान न्हवतं. त्या माझ्याकडं बघत होत्या. मंग उठल्या, आत गेल्या आन् तो पितळी डबा आणून माझ्या पुढ्यात आदळला.

"खाल्लं," त्या म्हणल्या.

"काय?"

"तुम्ही त्यांचं खाल्लं. निम्मं. बाटल्या आल्या की दोन्ही या ठेच्याच्या कप्प्यात ओतायचे आन् हातानं कालवायचे, भाजी कालवायचे तसे. म्हणायचे, चिठ्ठीनं एकाला द्यायचं आन् एकाला न्हाई, हे आपल्याला मंजूर न्हाई. ज्याचं जे असंल ते एकात. तपासणीवाले यायच्या आदल्या दिवशी उरलेल्या परत बराबर वाटून बाटल्यांत भरायचे."

मॅडमचा पेन हातातच राह्यला.

"मला न्हाई सांगितलं त्यानं," मी म्हणलं.

"कसं सांगतील? म्हणायचे, कंडक्टर नियमाचा माणूस हाय, चेकर आला की आपल्या तोंडानं सांगून बसंल. मलाबी शपथ घातल्ती."

"तेराव्याला तरी बोलायचं, वहिनी! लोक काय बोलले, ऐकलं ना तुम्ही?"

"माझा माणूस जाऊन तेरा दिवस झालते, भाऊजी. भरल्या पंगतीत गोळ्यांचा हिशेब मांडू? मला वाटलं, सकाळी चहाला येतील, तवा सांगीन. तुम्ही आलाच न्हाई. दुसऱ्या दिवशी न्हाई, तिसऱ्या दिवशी न्हाई. मी रोज जास्तीचं दूध ठेवायची." त्यांनी डबा माझ्याकडं आणखी सरकवला. "मला आत्ता कळलं, त्यांची खरी होती ते. निम्मी तुम्हाला गेली ते. मला काय वाटलं असंल? पण राग त्याचा न्हाई. ते दोन्ही बाटल्यांत हात घालून बसले, तवा त्यांनाबी ठाव न्हवतं कुणाचं काय हाय. राग याचा हाय, की त्यांचं निम्मं तुमच्या अंगात हाय, आन् ते घेऊन तुम्ही लांबच्या रस्त्यानं जाता! मी या खांबापासून बघत न्हाई का, वेशीकडून जाणारं मुंडासं?"

मी रडलो. मॅडमच्या पुढं, म्हाताऱ्या माणसानं, पोरासारखं. आन् रडता रडता कचरूला शिव्या दिल्या. लेका, भाजी होती का ती कालवायला? निम्मी गोळी मला कशाला दिलीस? सगळी खाल्ली असतीस तर आज इथं बसून मला बुंदीच्या गोष्टी सांगितल्या असत्यास! कदाचित तरीही गेला असता, मॅडम तेच म्हणल्या, कुणी सांगू शकत न्हाई. पण शिव्या देऊन बरं वाटलं. वहिनींनाही वाटलं असावं, कारण डोळे पुसून त्या चहा ठेवायला आत गेल्या.

"काका, हे मला कळवावं लागेल," मॅडम म्हणल्या. "तुम्हा दोघांच्या गोळ्या एकत्र झाल्या होत्या, असं."

"कळवा," मी म्हणलं. "सगळं खरं कळवा. चेकर विचारील त्याला मी सांगतो."

"अभ्यास नाही बिघडत हो त्यानं, माणसं खूप आहेत. आता तर सगळ्यांनाच खरी गोळी मिळणार आहे." त्यांनी माझ्या हातात नवी बाटली दिली. वहिनींचाही रक्तदाब मोजला, तर तो कचरूपेक्षा वर. त्यांनाही औषध सुरू झालं, दुसरं, वेगळ्या रंगाचं.

माझी बाटली मी तिथंच ठेवली.

आता रोज सकाळी पुलावरून सरळ रस्त्यानं येतो. ओट्यावर बसतो. वहिनींना मी दम देतो, त्यांची गोळी मी पाहिल्याशिवाय खायची न्हाई, आन् दोन्ही औषधं वेगळ्या डब्यात. त्या म्हणतात, आला बघा नियमाचा माणूस. पितळी डब्यात आता एकटी माझी बाटली असते.

पयल्या सकाळी त्यांनी गोळी माझ्या तळहातावर ठेवली. गोळी तशीच, पांढरी, जुन्यासारखीच दिसणारी. मी नुसता बघत राह्यलो. चहा निवून गेला.

वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

"घ्या, भाऊजी," म्हणल्या. "ही पुरी तुमचीच हाय."