कालिंदीची दोन पावलं

वसमतला निजामाच्या कचेरीत कारकुनी करणाऱ्या विष्णुपंतांनी सगळा बंदोबस्त चोख केला होता. पाहुणे यायच्या आधीच कालिंदीला पाटावर बसवायचं, लुगड्याचा घोळ डाव्या पायावर राहील असं बघायचं आणि तिला उठू म्हणून द्यायचं नाही. लेकीच्या लग्नासाठी बाप एवढी लबाडी करतोच.

कालिंदी आठ वर्षांची असताना टाकीनं खाचा पाडून भिंतीला टेकवलेला जात्याचा दगड तिच्या डाव्या पायाच्या पंजावर पडला होता. ग्यानबा हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, दीड महिन्यात पोरगी अंगणभर नाचू लागली आणि घर निर्धास्त झालं. पुढं ती वाढली, उजवा पाय वाढला; डावा मात्र मागेच राहिला, आत वळत गेला. तिच्या बाराव्या वर्षी हैदराबादच्या डॉक्टरांनी दोन्ही पायांचे एक्स-रे उजेडासमोर धरले, तेव्हा विष्णुपंत थक्क झाले. उजव्या पायात बोटांमागच्या हाडांवर केसासारख्या काळ्या रेघा होत्या. लेकराचं हाड तिथूनच वाढतं म्हणे. डाव्या पायातल्या रेघा दगडाखाली चिरडून कधीच बुजल्या होत्या. एवढ्याशा रेघेतून माणूस मोठा होतो, या विचारानं त्यांनी नकळत हात जोडले.

गोरेगावहून उद्धव आणि त्याची आई प्रेमाबाई आले. पोहे झाले, नाव-गोत्र विचारून झालं. आता सुटलो, असं विष्णुपंतांना वाटतंय तोच बाईंनी तांब्याभर पाणी मागितलं. त्यांच्या घरची रीतच होती: मुलीनं ओल्या पायांनी चालून दाखवायचं, पाऊल बघूनच होकार द्यायचा.

कालिंदी उठली, तिनं दोन्ही पायांवर पाणी ओतून घेतलं. तिनं बापाकडं बघितलंही नाही. सारवलेल्या जमिनीवर पावलं उमटत गेली: एक बाईचं, एक लेकराचं, एक बाईचं, एक लेकराचं. जणू एखादी आई पोरीला हाताशी धरून चालत गेली होती.

प्रेमाबाई वाकून बघत राहिल्या. पाय दुखतो का, एवढंच त्यांनी विचारलं.

"व्हय, सांजच्याला दुखतो," कालिंदी म्हणाली. "पुढं अजून दुखंल, डाक्तरांनी सांगितलंय. हा आता वाढायचा न्हाई."

विष्णुपंतांनी मान खाली घातली, पण लाजेनं नव्हे. आपण झाकायला निघालो ते ही पोरगी उभ्या उभ्या सांगत होती. एवढं धाडस हिच्यात कधी वाढलं, तेच त्यांना कळेना.

"आमच्याकडं पाणी गावाबाहेरच्या विहिरीवरून आणावं लागतं," प्रेमाबाई म्हणाल्या.

संपलं, असं विष्णुपंतांनी धरलं. पण बाई लेकाकडं वळल्या. "तू आणशील का रे?"

बायकोसाठी खांद्यावर घागर घेणाऱ्या नवऱ्याला तेव्हा गाव पोट धरून हसायचं. उद्धव अजून जमिनीकडंच बघत होता.

"आणीन," तो म्हणाला, आणि उठताना त्यानं पाय जपून टाकला, वाळत आलेलं ते छोटं पाऊल वाचवून.