साडेचारपट पोस्टमन

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर गेम आहे. जुना म्हणजे किती, तर माझ्या लहानपणी मॉनिटरला मागे चांगली ढेरी असायची आणि तो हलवायला दोन माणसं लागायची. मी आडवा तीनशेवीस आणि उभा दोनशेचाळीस चौकोनांचा. एवढ्याशा जागेत मला घडवणाऱ्याने एक पोस्टमन, चार गल्ल्या, साठ दारं आणि एक खडूस कुत्रा बसवला. पोस्टमनच्या मिशीला त्याने मोजून तीन चौकोन दिले. पण काय रुबाब होता त्या मिशीचा!

पत्रावरचा उलटसुलट क्रमाने येणारा नंबर बघायचा, त्या नंबरचं दार गाठायचं आणि कुत्रा पोचायच्या आत पत्र टाकून पळायचं, एवढंच माझं काम. माझे मालक चष्मेवाले. पुढे दुकान, मागे घर. तेव्हा ते तरुण होते आणि माझ्यापायी त्यांचं जेवण रोज गार व्हायचं. एकोणसाठ दारांपर्यंत ते पोचायचे. साठाव्या दाराशी कुत्रा चावायचा म्हणजे चावायचाच.

मग ढेरीवाला मॉनिटर गेला. माझी सीडी चष्म्यांच्या मोडक्या काड्यांच्या खणात पडली. किती वर्षं, ते मोजायचं मी सोडून दिलं. माझी कुणाला आठवण येत नव्हती याचं मला फार वाईट वाटायचं.

चष्मेवाल्यांना साठ वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी मुलीने मला खणातून काढलं आणि नव्या रुंद पडद्यावर सुरू केलं. "बाबा, आता डोळे उघडा!" मी आनंदाने बीप केलं. आवाज मला तेवढा एकच येतो.

आणि तिथेच माझी फजिती झाली. पडदा भरायचा म्हणून मला आडवं सहापट आणि उभं साडेचारपट ताणलं होतं. पोस्टमन कपाटासारखा रुंद झाला. शिवाय अर्धा चौकोन काढणार कसा? पडद्याने शेजारच्या चौकोनांचे रंग एकमेकांत कालवून वेळ मारून नेली. मिशी ओठांवर सांडली. दारावरचे तीन, सहा आणि आठ जुळ्या भावंडांसारखे दिसायला लागले. चष्मेवाल्यांनी तिसऱ्याच दाराशी चुकीचं पत्र टाकलं आणि कुत्र्याने त्यांचा समाचार घेतला.

"नंबर वाढला माझा," ते म्हणाले.

दुसरा कुणी असता तर मला दोष देऊन मोकळा झाला असता. पण हे पडले चष्मेवाले! त्यांनी स्वतःचे डोळे तपासले. तक्ता तोंडपाठ, त्यामुळे शेवटची ओळ वाचता आली तरी त्यांना ते खरं वाटेना. आठवड्यात तीन चष्मे झाले. बायको डोकावून म्हणाली, "अहो, मलाही पुसटच दिसतंय." तर त्यांनी तिलाही एक करून दिला.

चौथ्या चष्म्यानंतर मात्र त्यांनी हात टेकले. "ज्याला स्वतःला धड दिसत नाही, त्याने लोकांचे डोळे तपासू नयेत," असं म्हणून त्यांनी कागदावर 'दुकान उद्यापासून बंद' असं लिहिलं. पस्तीस वर्षांचं दुकान माझ्यामुळे बंद होणार होतं! मी बीप बीप करत राहिलो. त्यांना वाटलं, कुत्रा चावला.

दुपारी बायको माझ्या पडद्याशेजारी बसून फ्रेमी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती. चष्मेवाले समोरच्या खुर्चीत उदास बसले होते. बसल्या बसल्या ते पुटपुटले, "हिरवा पोपट हरवला आहे. उलटं बोलल्यास उत्तर देऊ नये."

बायकोचा हात थांबला. "हे कुठे लिहिलंय?"

"तुझ्या हातातल्या कागदावर. अगदी खाली."

"मुंगीएवढी अक्षरं तिथून वाचताय, आणि हा अंगठ्याएवढा आकडा दिसत नाही होय?"

चष्मेवाले ताडकन उठले. काचेवरचे चरे बघायचं भिंग त्यांनी माझ्या पडद्याला लावलं. माझी एकेक कडा तपासली. "अगं, आजारी मी नाही, हा आहे!" त्यांनी मुलीला हाक मारली. "याला का ताणलंय?"

"पडदा मोठा आहे ना, बाबा."

"फ्रेम मोठी असली म्हणून आपण डोळा ताणतो का?"

मुलीने खटपट करून मला आडवंउभं बरोबर चौपट केलं. अर्धामुर्धा चौकोन उरला नाही. चारी बाजूंना काळी पट्टी आली. बायको म्हणाली, "एवढा पडदा आणून वापरायचा एवढाच?" पण पोस्टमन सडसडीत झाला आणि मिशी, मित्रांनो, मिशी जागेवर आली! मला रडू आलं.

चष्मेवाले जुनाच चष्मा लावून खेळायला बसले. एकोणसाठ दारं झाली. साठाव्या दाराशी कुत्रा चावला.

"चावू दे," ते हसत म्हणाले. "अडतीस नंबर होता. स्वच्छ दिसला."

दुकान उघडंच आहे. दुकान बंदचा तो कागद उलटा करून त्यांनी माझ्या पडद्याखाली चिकटवलाय. मित्रांनो, तेच माझं तुमच्याकडे मागणं आहे. त्यावर लिहिलंय, 'चौपट. आहे तेवढाच बरा आहे. कोणी ताणू नये.'