चंद्राबाईची खडी

आकाराम हवालदाराला सडकेपासून घरापर्यंतची वाट बांधून काढायची होती, आणि ती कशानं बांधावी हे गावात त्याच्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं. पारावर कुणी मुरूम सांगे, कुणी साखर कारखान्याची राख. विट्याचा एक गलाईवाला, परमुलखात सोनं-चांदी गाळणारा, सुट्टीला आला होता, त्यानं तर मद्रासकडं डांबर कसं ओततात ते उभा राहून हातवारे करत दाखवलं. आकाराम सगळ्यांचं ऐकून घेई आणि कुणाचंच मनावर घेत नसे. पलटणीत वीस वर्षं हुकूम ऐकले, आता उरलेलं आयुष्य कुणाचं ऐकायचं नाही, असं त्यानं पेन्शनीवर येतानाच ठरवलं होतं.

वाट चार फर्लांगांची. दोन्ही अंगाला त्याचंच रान, काळं आणि भारी. उन्हाळ्यात त्याला हातभर भेगा पडत आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल होई. वाटेच्या मधोमध एक बाभळ होती. त्या बाभळीपाशी पाच वर्षांमागं आषाढात बैलगाडी आसापर्यंत रुतली आणि गाडीत तापानं फणफणलेली त्याची बायको चंद्राबाई तिथंच गेली. जवळ चौदा वर्षांची पोर हौसा तेवढी होती. गाडीवान मदतीला माणसं आणायला पळाला होता. आकाराम तेव्हा सरहद्दीवर. तार मिळून तो घरी पोचला तोवर दहावा उरकला होता.

"आईनं शेवटी काय सांगितलं?" त्यानं पोरीला विचारलं.

"काय न्हाई," हौसा म्हणाली आणि आत निघून गेली.

पुढं त्यानं दोन-तीनदा विचारून बघितलं. लग्न होऊन सासरी जाताना विचारलं. उत्तर तेच, आणि ते देताना पोर कधी त्याच्या डोळ्यांकडं बघत नसे.

आता हौसाला सातवा महिना सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही जगाची रीत. पण तिचा सासरा लालासाहेब, तासगावकडचा द्राक्षबागाईतदार, स्पष्ट बोलणारा माणूस. तो म्हणाला, "हवालदार, राग मानू नगा. तुमच्या त्या चिखलात एक बाईमाणूस गेलं. दुसरं मी धाडनार न्हाई. मिरगाच्या आधी जीप तुमच्या दारापतुर गेली, तर सून घिऊन जा."

बोलणं झोंबलं, पण त्यात खोटं काही नव्हतं. तीन वर्षं आकाराम रानातल्या त्या घरात एकटा भाकरी थापून खात होता. लेक घरात यावी, तिनं त्याला चार शब्द बोलावेत, एवढंच त्याला हवं होतं, आणि ते त्याला फार हवं होतं.

त्यानं पलटणीच्या शिस्तीनं परीक्षा मांडली. बाभळीपाशी, जिथं रान सगळ्यात वाईट, तिथंच पट्टा उकरून त्यात मुरूम भरला, धुमसानं ठोकला आणि वर घागरी ओतल्या. पहिल्या दिवशी मुरूम लालभडक दिसला, छान बसला. तिसऱ्या दिवशी गाडी घातली तर चाक हात-हात खाली गेलं आणि काळा चिखल वर आला. मग राख आणली. राखेनं तर पाण्याबरोबर वाट धरली, आणि जी राहिली ती वाऱ्यानं डोळ्यांत गेली.

राख उपसत होता त्या दिवशी भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना, त्याला पहिल्यांदा आवाज आला.

टक. टक. ठक्क.

दोन हलके, तिसरा जोराचा. मग थोडं थांबून पुन्हा तसंच. सुतारपक्षी असेल म्हणून त्यानं बाभळीवर नजर फिरवली. झाडावर चिमणीसुद्धा नव्हती. आवाज वरून येतच नव्हता. तो बुंध्यापाशी, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या गुडघ्याएवढ्या उंचीवरून येत होता. आकाराम जवळ गेला तेव्हा थांबला, मागं सरला तेव्हा सुरू झाला. तोफांच्या आवाजात झोपलेला हा गडी, पण त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. सावली थोडी कलली आणि आवाज बंद पडला. दुसऱ्या दिवशी बाराला पुन्हा आला. तिसऱ्याही दिवशी. आकारामनं कुणाला सांगितलं नाही. एकटा राहून हवालदाराचं डोकं फिरलं म्हणायला गावाला कारण कशाला द्यायचं?

तासगावच्या जाफरकडं ट्रक होता आणि दगड-मातीची पारखही. तो येऊन बघून गेला. राख पायानं उडवत म्हणाला, "हवालदारसाब, काळ्या रानाचं पोट लय मोठं. मुरूम खातंय, राख खातंय. खाली मोठ्या दगडाचं सोलिंग करा आणि वर खडी घाला. तीच टिकंल."

"खडी सोडून बोल."

"का वं?"

"दुष्काळात अख्खा गाव खडीवर गेला, आमच्या घरातलं मानूस गेलं न्हाई. आता दारात कशाला आनू?"

जाफरनं त्याच्याकडं बघितलं. बहात्तरच्या दुष्काळात पोटासाठी खडी फोडली नाही असं घर त्या पट्ट्यात शोधूनही सापडलं नसतं, आणि ह्या माणसाला आपलं घर वेगळं असल्याचा अभिमान होता. "माळावर तवाचं ढीग अजून पडून हायती," तो म्हणाला. "ज्या रस्त्यासाठी फोडली तो झालाच न्हाई. यंदा कचेरीनं उचलायला काढल्यात. नुसतं बघून तरी या. मिरगाला दिवस किती ऱ्हायलं?"

वीस राहिले होते. आकाराम गेला.

माळ तीन मैलांवर. ढिगांच्या ओळीच्या ओळी, त्यांच्यावर कुसळं उगवलेली. मोजणी झाल्याची खूण म्हणून तेव्हा ढिगावर चुन्याचं पाणी शिंपडत, त्याचे डाग अजून कुठंकुठं दिसत होते. बाकी ढिगांत लहान-मोठं मिसळलेलं होतं. लिंबाखालच्या तिसऱ्या ढिगाची खडी मात्र अगदी एकसारखी. आकारामनं मूठभर उचलली आणि त्याला ती आवडली. हाच ढीग आधी भरायचा, असं तो जाफरला सांगत होता, तेवढ्यात मागून हाक आली.

"भावजी, त्यो नगा. दुसरा कंचाबी घ्या."

गावातल्या थोरल्या भावाच्या घराशेजारची साळूबाई शेळ्या राखत होती. चंद्राबाईची ती जिवाभावाची.

"का? ह्याला काय झालंय?"

साळूबाईनं शेळ्यांकडं बघितलं, लिंबाकडं बघितलं. मग पदर सावरून म्हणाली, "त्यो चंद्राचा हाय."

आकारामला आधी राग आला. "काय बोलतीयास? चंद्रा खडीवर? माझी बायकू?"

"आठ म्हैनं. हजेरीच्या मस्टरवर माझ्या जावंचं नाव, बनाबाई. ती बाळतीन हुती, तिच्या जागी चंद्रा बसायची. तुमचं पत्र आलं हुतं न्हवं? हवालदाराच्या बायकूनं खडी फोडली तर घरात घेनार न्हाई म्हनून. मग कुनाच्या नावावर येनार ती?"

पत्र त्याला आठवलं. बरॅकीत, पोटभर जेवून, स्वतःच्या हातानं लिहिलेलं. मनिऑर्डर तो रीतीप्रमाणं थोरल्या भावाच्या नावानं धाडायचा, कारण बायकोच्या नावानं धाडणाऱ्याचं पलटणीत हसं होई. रानात राहायला जायच्या आधी चंद्रा आणि पोर त्याच थोरल्या घरात होत्या, आणि तिथं खाणारी तोंडं चौदा. त्यातलं चंद्राच्या आणि पोरीच्या ताटात काय पडतं, हे त्यानं वीस वर्षांत एकाही पत्रात विचारलं नव्हतं.

"हात लय सरळ तिचा," साळूबाई सांगत होती. "आमी आपलं दनादन हानायचो. ती आदी दोन हलकं मारायची, दगडाची शीर बघायची. मग तिसरा." तिनं दोन दगड उचलले आणि वाजवून दाखवलं.

टक. टक. ठक्क.

आकाराम मटकन ढिगावर बसला. मग कुणाच्या तरी अंगावर बसल्यासारखा चटकन उठला. जाफर दुसरीकडं बघत उभा राहिला.

आकाराम म्हणाला, "हीच न्यायची."

"पायाखाली घालनार, भावजी?"

"रस्त्यासाठनंच फोडली तिनं. रस्ता हितं आला न्हाई, तर खडी तिकडं नेऊ."

सोलिंगला गडी लावले. खडीही गड्यांनी पसरली, पण चंद्राबाईचा ढीग त्यानं बाजूला ठेवला आणि बाभळीपाशी स्वतःच्या हातानं पसरला. पाटीला पाटी, कुणाला हात लावू दिला नाही. एका पाटीत सायकलच्या टायरची एक कडी निघाली. फुटताना दगड उडू नये म्हणून बाया अशी कडी दगडाभोवती धरत. कडीला लुगड्याचा हिरवा काठ गुंडाळलेला होता. आकारामनं ती खिशात टाकली. वर मुरमाचा पातळ हात दिला, पाणी मारलं, बैलांनी दगडी रूळ फिरवला. वाट लोखंडासारखी झाली.

त्याला वाटलं, आता आवाज थांबेल. थांबला नाही. दुपार झाली की टक, टक, ठक्क, आणि आता तर आधीपेक्षा जोरात. आकाराम बाभळीखाली उभा राहून म्हणायचा, "अगं, झाली की वाट. आता काय ऱ्हायलं?" उत्तर म्हणून ठोकेच तेवढे पडायचे. त्याची भूक गेली. आपण तिला घरात घेणार नाही म्हणालो होतो, ती अजून बाहेरच बसलीय, हे त्याच्या डोक्यातून जाईना.

मिरगाला दोन दिवस असताना लालासाहेबाची जीप आली. माणूस शब्दाला जागला. सडक सोडून जीप खडीवर आली तेव्हा आकाराम बाभळीपाशी उभा होता. चाकं कुठं अडली नाहीत. ऊन अगदी डोक्यावर आलं होतं.

हौसानं तिथंच जीप थांबवायला लावली. सावकाश उतरली, आधी बाभळीकडं बघितलं, मग पायाखाली. लेकीला हात द्यायला आकाराम पुढं झाला. घामाचं तोंड पुसायला रुमाल काढताना खिशातली कडी खाली पडली.

अशा दिवसांत वाकायचं नसतं, तरी हौसानं वाकून ती उचलली. "ही तर मी कापली हुती," ती म्हणाली. "जुन्या टायरची. आईचं बोट फुटायचं म्हनून काठ गुंडाळला हुता."

"तुला ठावं हुतं?"

"मीच भाकरी न्यायची, आबा. रोज."

"मग मला का न्हाई सांगितलंस?"

हौसा कडीभोवतीचा काठ नीट करत राहिली. मग पाच वर्षांत पहिल्यांदा तिनं बापाच्या डोळ्यांत बघितलं. "तुमी इचारायचा न्हवं, आई शेवटी काय बोलली? हितंच बोलली. गाडी रुतली हुती, पाऊस लागला हुता. तापात तिला दुसरं कायबी सुदरत न्हवतं. माझा हात धरून म्हनली, आबांना खडीचं सांगू नगंस. घरात घेनार न्हाईत. शपथ घातली. आज मोडली मी."

तेवढ्यात बाभळीखालून आवाज आला. टक. टक. ठक्क. हौसानं बापाचा दंड घट्ट धरला. तिलाही ऐकू आलं होतं. जीपचा ड्रायव्हर मात्र आपला बिडी शिलगावत होता.

आकाराम बाभळीकडं वळला. वीस वर्षं ज्या आवाजात त्यानं शिपायांना दरडावलं होतं तो कुठं गेला होता कुणास ठाऊक. "चंद्रा," तो म्हणाला, "मला कळलंय. मी रागावलो न्हाई. माझं चुकलं. घरात चल."

टक.

टक.

दोघं तिसऱ्याची वाट बघत उभी राहिली. सावली थोडी सरकली. तिसरा ठोका पडला नाही.

"चला आबा," हौसा म्हणाली, "ऊन लागतंय." आणि जीपमध्ये न बसता ती खडीवरून घराकडं चालू लागली.