तुटक्या कोपऱ्याची पट्टी

“काका, तुम्ही स्वतः कधी कुणाला लाच दिलीय का?”

सभागृहातले पंखे तेवढे फिरत राहिले, बाकी सगळं थांबलं. मोठ्या बाईंच्या हातातला पुष्पगुच्छ तिरका झाला. शेजारच्या चष्मेवालीनं उभ्या भिंगरीचा गणवेश खाली ओढला. “बस ना गं खाली! मेलीस तू आता!” हा प्रश्न विचारायची पैज लावणारी हीच होती, हे ती सोयीस्कर विसरली. मांजराच्या गळ्यात घंटा बांधावी असं सगळ्याच जणींना वाटतं, फक्त घंटा घेऊन जायचं कुणी, एवढाच प्रश्न असतो. आणि दहावीत आल्यापासून त्या प्रश्नाचं उत्तर नेहमी भिंगरीच असायची. गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला ‘हजर’ म्हणताना चाचरणारी ही मुलगी, यंदा कुठून एवढा आवाज घेऊन आली होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. पण आलाय तर वापरून घ्यावा!

व्यासपीठावरचे पाहुणे म्हणजे शिट्टीचे वडील. शिट्टी भिंगरीची जिवाभावाची मैत्रीण. पुढच्या दोन दातांच्या फटीतून अशी शिट्टी मारायची की रस्त्यावरची रिक्षा थांबावी. तिच्या वडिलांची जाहिरातीची कंपनी होती, आणि वर्षभर ‘रांगेत या’ नावाची त्यांची मोहीम गाजत होती. लाच द्यायची नाही, घ्यायची नाही, आपली पाळी येईपर्यंत उभं राहायचं. पैसा एका दंतमंजनवाल्यांचा, डोकं काकांचं. पांढऱ्या बिल्ल्यावर एक पिवळी पट्टी आणि खाली ते दोन शब्द. निम्म्या शाळेच्या खिशावर तो बिल्ला होता. शिट्टी दिवसातून दहादा म्हणायची, “आमचे बाबा म्हणतात ना...” आणि दहाही वेळा भिंगरीच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. कारण कुणी तिला विचारलं, “तुझे बाबा काय करतात गं?” की ती म्हणायची, “ऑफिसात असतात. परवानग्यांच्या.” आणि तिथं संभाषण मरून पडायचं.

काका रागावले नाहीत. हसले. “दिली नाही. द्यायला मात्र गेलो होतो.”

सभागृहात खसखस पिकली.

“आठ वर्षं झाली. नवीन धंदा, माझा पहिला मोठा फलक, आणि परवानगीच्या खिडकीपाशी ही एवढी रांग. मी बाजूनं पुढं घुसलो आणि पाकीट आत सरकवलं. आतल्या माणसानं त्याला हातसुद्धा लावला नाही. टेबलावरची लाकडी पट्टी घेतली, पट्टीनं पाकीट परत बाहेर ढकललं आणि म्हणाला, ‘राहू द्या. रांगेत या.’ बस्स. आरडाओरडा नाही, उपदेश नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि जिना उतरता उतरता डोक्यात आलं, अरे, ही तर जाहिरात आहे!”

टाळ्या पडल्या. काका रंगात आले. “मुलांनो, ‘लाच देऊ नका’ हे सांगून कुणी ऐकत नाही. चांगुलपणासुद्धा साबणासारखा विकावा लागतो. माणसाला चांगलं व्हायचा कंटाळा असतो, पण चांगलं दिसायला फार आवडतं. ते दिसणं आम्ही दोन इंचांचं करतो आणि त्याच्या खिशावर लावतो. एकदा लावलं ना, की त्याच खिशातून पाकीट काढताना हात अडखळतो.”

भिंगरीला यातलं अर्धंच ऐकू आलं. तिची नजर चष्मेवालीच्या बिल्ल्यावर खिळली होती. वर्षभर पाहिलेली ती पिवळी पट्टी. पण एका टोकाचा कोपरा तुटलेला आहे, हे तिनं आज पहिल्यांदा पाहिलं. तो कोपरा कुणी तोडला होता ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पहिलीत असताना बाबांच्या पट्टीची तलवार करून तिनंच तो दाराच्या चौकटीवर आपटला होता. आणि ‘राहू द्या, रांगेत या’? सकाळी न्हाणीघराच्या दारात ती घुसायला लागली की बाबा टॉवेल खांद्यावर टाकून रोज ‘राहू दे, रांगेत ये’ असंच तर म्हणायचे!

“तो माणूस कोण होता, काका?” तिनं विचारलं. आवाज जरा चिरकला.

“चेहरा नाही बुवा आठवत,” काका म्हणाले. “पट्टी आठवते.”

पुन्हा टाळ्या. ‘माझे बाबा!’ असं भिंगरी ओरडणारच होती, पण पुढच्या बाकावर शिट्टी ताठ मानेनं बसली होती. वाटलं, आता बोललं तर सगळ्या म्हणतील, आली मोठी वाटा मागायला! एवढ्यात काकांनी बोट तिच्याकडे रोखलं. “हा आवाज पाहिजे मला! शनिवारी मुख्य चौकात आमचा नवा फलक लागतोय. त्यावर हीच मुलगी!”

त्या फलकावर शिट्टी असणार होती. तिचा फोटोही काढून झाला होता. शिट्टीनं मागं वळून पाहिलं, आणि तिचा पडलेला चेहरा बघून भिंगरीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. खोटं कशाला बोला? चढलंच.

घरी आई शिवणयंत्रावर कुणाच्यातरी पँटचे पाय आखूड करत होती. सगळं ऐकून तिनं पायाखालचं पायडल थांबवलं नाही, उलट यंत्र जोरात पळवलं. “आयत्या बिळावर नागोबा! बावीस वर्षं तो माणूस त्या जाळीमागं बसलाय. बरोबरीच्यांची घरं झाली, मजले चढले. आम्ही काय, पाकिटं परत करण्यात पटाईत! आणि बिल्ला कुणाच्या नावाचा?” दोरा दातांनी तोडत तिनं पालकांच्या संमतीचा कागद पुढं ओढला. “आण इकडं. मी करते सही. निदान तुझं तोंड तरी लागू दे चौकात. बाबांना नको सांगू आत्ता. शनिवारी थेट तिथंच नेऊन उभं करू.”

बाबा आले, हातपाय धुतले. फोटोची गोष्ट गिळून भिंगरीनं बाकी सगळं एका दमात सांगितलं. बाबा म्हणाले, “असेल.”

“असेल काय, बाबा? तुमची पट्टी! तुमचं वाक्य!”

“वाक्य कसलं गं माझं? बसचा कंडक्टरही म्हणतो.” मग टॉवेलची घडी घालत, “एक सांगू? त्याचा बिल्ला आल्यापासून पाकिटं कमी झालीत. मी एकेक परत करायचो. त्यानं ती घरातून निघायच्या आधीच थांबवली. ते मला नसतं जमलं.”

“तुम्ही ना!” असं म्हणून आईनं वाट्या जरा जास्तच जोरात मांडल्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना काका शिट्टीला न्यायला आले. भिंगरीनं संमतीचा कागद दिला. वाचता वाचता त्यांच्या भुवया वर गेल्या. “वडील परवानगी विभागात? खिडकी चार? अगं, आमच्या फलकाची फाइल तिथंच बसलीय! त्यांना एवढंच सांग, गठ्ठ्यात खाली आहे, जरा वर ठेवा. पाकीट नाही, काही नाही. फक्त वर. कामही चांगलंच आहे ना?”

खिडकी चार म्हणजे कोण, हे त्यांच्या अजूनही लक्षात आलं नव्हतं. भिंगरीनं तोंड उघडलं, पण शिट्टी मधेच म्हणाली, “नाही जमलं तर राहू दे हं. माझा फोटो तयारच आहे.”

झालं! तळपायाची आग मस्तकात गेली. “जमेल,” भिंगरी म्हणाली.

बाबांना सांगायचं धाडस मात्र तिच्या नव्या आवाजातही नव्हतं. शुक्रवारी अर्धा दिवस शाळा. बाबांचा डबा घरीच राहिला होता, तो घेऊन ती ऑफिसात गेली. जाळी, जाळीला अर्ध्या भाकरीएवढी फट, फटीबाहेर जिन्यापर्यंत रांग. आत टेबल, डावीकडे फायलींचा गठ्ठा, उजवीकडे ती पट्टी. भिंगरी बाजूच्या दारानं आत शिरली; बाबा बाटली घेऊन पाणी भरायला गेले.

गठ्ठ्यात फाइल शोधायला वेळ लागला नाही. बिल्ल्याचं चित्र होतं वर. भिंगरीनं ती खालून ओढली, सगळ्यांच्या वर ठेवली, कडा नीट जुळवल्या आणि भिंतीवरच्या सूचना वाचत उभी राहिली.

बाबा आले, बसले, पहिली फाइल समोर घेतली आणि थांबले. प्रत्येक फायलीच्या कोपऱ्यात ते शिसपेन्सिलीनं बारीक आकडा घालत, आलेल्या क्रमानं. आज एक्केचाळीसवर काम होतं. हातात चोपन्न होती.

“हे कुणी केलं?”

भिंगरीनं सगळं सांगितलं. काका, फोटो, आईची सही, शिट्टी. “बाबा, पैसे नाहीत त्यात! एक दिवसाचा तर प्रश्न आहे. आणि चित्रात तुमचीच पट्टी आहे!”

बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फाइल टेबलावर ठेवली, पट्टी उचलली, तिची कड फायलीला लावली आणि हात न लावता ती फाइल हळूहळू टेबलावरून भिंगरीच्या बाजूला ढकलली.

“राहू द्या,” ते म्हणाले. “रांगेत या.”

जन्मात कधी बाबांनी तिला अहोजाहो केलं नव्हतं. ‘चिमणे’ म्हणायचे, फार रागावले तर ‘कार्टे’. बाहेर रांगेतल्या लोकांना ती गंमत वाटली. सगळ्यात मोठ्यानं हसला तो पहिला माणूस; त्याच्या खिशावर बिल्ला होता. भिंगरीनं फाइल उचलली, त्रेपन्न आणि पंचावन्नच्या मधे सारली आणि डबा टेबलावर ठेवून निघून आली. जिन्यावर तिचे कान पेटले होते.

संध्याकाळी बाबा आले ते थेट टेबलाशी बसले. पट्टी घरी आणली होती. कोरा कागद घेतला, पट्टीनं समास आखला आणि लिहायला लागले. आईनं खांद्यावरून वाचलं. “‘सदर फलकावर माझ्या मुलीचे छायाचित्र असल्याने ही फाइल माझ्याकडून काढून अन्य कर्मचाऱ्याकडे द्यावी...’ हे काय आणि?”

“उद्या सकाळी साहेबांना देतो. अर्धा दिवस ऑफिस आहे. मी मंजूर केली तर लोक म्हणतील मुलीसाठी केलं. माझ्याकडे नसली तर प्रश्न मिटला.”

“आणि दुसऱ्याच्या टेबलावर गेली की पाच मिनिटांत वर चढेल!”

“चढेल बहुधा.”

“तुम्हाला चालेल ते?”

बाबांनी पेन खाली ठेवलं. “नाही चालणार. पण पोरीला हवंय ना.” मग भिंगरीकडे न बघताच म्हणाले, “तुला त्याचा हेवा वाटतो, ते मला कळतं गं. त्याचा तो पट्टीचा पहिला फलक लागला तेव्हा मी मधेच बस सोडून बघायला उतरलो होतो. दोनदा. घरी बोललो नाही.”

आईच्या हातातली पँट तशीच राहिली. बावीस वर्षांत हे तिलाही नवीन होतं. भिंगरीनं बाबांकडे पाहिलं. कुठल्यातरी फुटपाथवर, पिशवी छातीशी धरून, वर मान करून स्वतःच्याच पट्टीकडे बघणारे बाबा तिच्या डोळ्यांपुढं आले. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाला तरी ते म्हणाले असतील का, ‘ही माझी’? नसणारच. शाळेत सगळ्यांसमोर तिला तरी कुठं म्हणता आलं होतं?

ती उठून उभी राहिली. सभागृहात राहिली होती तशीच, हात बाजूला सरळ.

“आई, बाबा, मी ठरवलंय. मी नाही त्या फलकावर. उद्या सकाळीच काकांना सांगते, शिट्टीला लावा. आणि ती पट्टी कुणाची, कुठल्या खिडकीतली, तेही सांगणार आहे, शिट्टीच्या समोर. मग ते काय करायचं ते करोत. आणि मी काही मोठी साधूबिधू झालेली नाही हं! शिट्टीचा फोटो लागला की मी त्या चौकातून मान फिरवून जाणार आहे. आत्तापासूनच पोटात दुखतंय माझ्या. पण फाइल तुमच्याकडेच राहू द्या. चोपन्नावी आहे ना? मग चोपन्नावीच येऊ दे.”

बाबांनी अर्जावर पट्टी आडवी ठेवली आणि तिच्या कडेनं कागद फाडला. सबंध सरळ फाटला, फक्त तुटक्या कोपऱ्यापाशी जरासा वाकडा गेला.