फलकावरची मॅनेजर

नायगाऱ्याच्या धबधब्याजवळच्या त्या हॉटेलात कामाला माणूस टिकेना, तेव्हा टोरंटोच्या मुख्य ऑफिसनं रस्त्यावर भलामोठा फलक लावला. त्यावर योलेटचा फोटो. अंगात कुणाचातरी कोट, खाली मजकूर : ‘काल खोल्या आवरत होते, आज मॅनेजर आहे.’

योलेट त्या वेळी चौथ्या मजल्यावर खोल्याच आवरत होती.

“अगं, पगार वाढला का?” जोडीदारीण मेरलिंडानं विचारलं.

“फोटो वाढला. पगार आहे तेवढाच.”

पण फलक बघून माणसं येऊ लागली. जो तो म्हणे, आधी त्या मॅनेजरबाईंना भेटू द्या. फलक मंजूर करणारे खरे मॅनेजर हॅल्डेनसाहेब हबकले. त्यांनी योलेटला तोच कोट चढवून आपल्या खुर्चीत बसवलं.

“नुसतं हसायचं, बाई. बोलायचं नाही.”

न बोलणं योलेटच्या स्वभावातच नव्हतं. एका पोरीनं विचारलं, “इथं शिकवतात काय?” हैतीहून आल्यापासून तिला स्वतःला जे जे हवं होतं, ते तिनं सांगून टाकलं : कामाच्या वेळात इंग्रजीचा वर्ग, रिसेप्शनचं काम, आणि शिकेल त्याला बढती.

सोमवारी सगळी मंडळी वर्गाला हजर.

“कबूल कुणी केलं हे?” हॅल्डेन ओरडले.

“मॅनेजरबाईंनी!”

फलक खोटा म्हणावा तर अब्रू जाणार. वर्ग सुरू झाले. खोल्या आवरणाऱ्या बायका पाहुण्यांशी गप्पा मारू लागल्या, पाहुणे पुन्हापुन्हा येऊ लागले, आणि खूश होऊन टोरंटोचे वरिष्ठ स्वतः आले. खुर्चीतल्या योलेटशी त्यांनी हात मिळवला. मग दाराशी उभ्या हॅल्डेनकडे पाहिलं.

“हे कोण?”

योलेटला हॅल्डेनसाहेबांची दया आली. “नवे आहेत. शिकताहेत.”

“लक्ष देऊन शिका हं,” वरिष्ठ म्हणाले. हॅल्डेननं तोंड उघडलं. पण फलक आपणच मंजूर केलेला, हे आठवून मिटलं.

योलेटची नेमणूक पक्की झाली. हॅल्डेन चौथ्या मजल्यावर गेले.

“साहेब, हात बरा आहे,” मेरलिंडा म्हणायची, “पण कंबर वाकत नाही तुमची.”

उन्हाळ्यापर्यंत वाकली. योलेटनं त्यांना बोलावून रिसेप्शनवर बढती दिली.

हॅल्डेन डोळे पुसत म्हणाले, “बाई, इतक्या वर्षांत मला कुणी बढती दिलीच नव्हती हो.”