जोड्या बदला

घटस्फोट झाल्यावर सासरच्या सगळ्या माणसांनी वहिनीशी बोलणं टाकलं. एकट्या नणंदेने टाकलं नाही. "भावाने बायको सोडली असेल, मी वहिनी सोडलेली नाही," असं तिने स्वतःच्या आईला तोंडावर सांगितलं आणि वर वहिनीच्या भाड्याच्या खोलीची एक किल्ली आपल्या जुडग्यात अडकवून घेतली.

नणंद शाळेची बस चालवायची. अंगाने भरलेली, आवाज खणखणीत. वहिनी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची. तिचा स्वभावही मागच्या खोलीतलाच. नवऱ्याने दुसरीकडे सूत जुळवलं तेव्हासुद्धा तिने आवाज चढवला नाही. घर त्याचं, म्हणून घरातून निघाली. मित्रमंडळी दोघांची, पण त्यांना अवघडल्यासारखं व्हायला नको म्हणून त्यांच्याकडे जाणं बंद केलं. सकाळी बागेत फिरायला जायची, तिथे एकदा तो त्या बाईबरोबर बाकावर दिसला. दुसऱ्या दिवसापासून बागही सुटली.

"आता सोडायला उरलंय काय? श्वास?" नणंदेने चिडून विचारलं आणि त्याच आठवड्यात तिला हाताला धरून स्विंग या जोडीने करायच्या विलायती नाचाच्या वर्गाला नेलं.

वर्ग शनिवारी संध्याकाळी भरायचा, बॅडमिंटनच्या हॉलमध्ये. जमिनीवर कोर्टाचे पांढरे पट्टे, हवेत रबरी बुटांचा वास, वर छताच्या जाळीत अडकलेली शटलची दोन-चार फुलं. शिकवणारी बाई उंच, काटकुळी. तिने या दोघींकडे पाहून विचारलं, "जोडीत एक जण नेतो, दुसरा जातो. तुमच्यात कोण नेणार?"

"ही," नणंद म्हणाली.

"मी? अहो वन्सं, बस तुम्ही चालवता."

"म्हणूनच तर. आठवडाभर स्टिअरिंग धरून खांदे भरून येतात माझे. सुट्टीच्या दिवशी मला कुणीतरी न्यावं."

पावलं ऐकायला सोपी होती. डावीकडे तीन छोटी झटपट पावलं, उजवीकडे तशीच तीन, मग एक पाऊल मागे टाकायचं आणि लगेच पुन्हा पुढच्या पायावर यायचं. पण पायांना ते पटेना. वहिनी मागे जायच्या ऐवजी पुढे जायची आणि नणंदेच्या अंगठ्यावर उभी राहायची. नणंदेची खोड वेगळी. तिला कुणी वळवायच्या आतच ती वळून मोकळी व्हायची, जणू मागून हॉर्न वाजतोय. चुकी कुणाचीही असो, माफी वहिनीच मागायची.

"माफी कशाला मागता?" एकदा शिकवणाऱ्या बाईने तिला थांबवलं. "तोंडाने काही बोलूच नका. कुठे जायचं ते हाताने सांगा. हात लोंबता नको, ओढाताणही नको. कपडे वाळत घातलेली दोरी असते ना, तेवढा ताण पुरे."

काही आठवड्यांनी तो ताण वहिनीच्या बोटांना सापडला. तिने हात जरासा उचलला, तळव्याने हलकं सुचवलं, आणि एवढी धिप्पाड नणंद तिच्या हाताखालून गर्रकन फिरून समोर आली. दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या.

"बाई गं," नणंद म्हणाली, "मला वळवलंस की तू."

त्या रात्री वहिनीने ओट्याशी उभं राहून, भाजी परतता परतता, पावलं टाकली.

आणि पुढच्याच शनिवारी तो आला. नवे बूट घालून, त्या बाईबरोबर. ती दातांच्या दवाखान्यात कामाला होती. वहिनीने तिला कायम लांबूनच पाहिलेलं. वहिनीला बघून तिचा चेहरा उतरला. तो मात्र सरळ चालत आला आणि वहिनीला कोपऱ्यात घेऊन हळू आवाजात म्हणाला, "हे बघ, तू मंगळवारच्या वर्गाला जात जा. तिला तुझ्यासमोर कसंतरी होतं."

'बरं' हा शब्द वहिनीच्या ओठांपर्यंत आला होता. सवयीचा शब्द, बोलावल्याशिवाय यायचा. तिने तो गिळला.

"नाही," ती म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"मी मंगळवारी जाणार नाही."

"का? मंगळवारी तुला काय काम असतं?"

"काही नसतं. तरी मी शनिवारीच येणार."

"उगाच तमाशा नको करूस."

"तमाशा कसला? मी नाचायला आलेय. तुम्हाला अवघड वाटत असेल तर मंगळवारचा वर्ग चांगला आहे म्हणतात."

 आणि ती आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.

गाणं सुरू झालं. या वर्गाची एक रीत होती. थोड्या वेळाने शिकवणारी बाई टाळी वाजवून म्हणायची, "जोड्या बदला." मग नेणारे जागेवरच राहायचे आणि जाणारे एकेक जागा पुढे सरकायचे. टाळ्या होत गेल्या आणि नणंद सरकत सरकत आपल्या भावासमोर येऊन उभी राहिली.

"दादा, पाय जपून," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "मागच्या वेळी मी एकीचं नख काळंनिळं केलंय."

त्याच टाळीला ती बाई वहिनीसमोर आली होती. वहिनीने हात पुढे केला. समोरचा हात गार पडलेला. ती खाली मान घालून पुटपुटली, "मला ठाऊक नव्हतं तुम्ही इथे येता. मी नाही येणार पुन्हा."

"यायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा," वहिनी म्हणाली. "मी मात्र येणार आहे. आता मान वर करा, खाली बघितलं की चुकतं."

तिच्या मनात त्या बाईबद्दल माया नव्हती, पण या हाताचं काय करायचं ते तिला येत होतं. डावीकडे, उजवीकडे, मागे, पुन्हा पुढे. हात उचलला, आणि ती बाई न अडखळता फिरली.

तेवढ्यात तो नणंदेचा हात सोडून बाकाकडे गेला. पिशवी उचलून म्हणाला, "चल, निघू या."

"गाणं संपू दे," ती बाई म्हणाली.

तो दाराशी उभा राहिला. गाणं संपेपर्यंत त्याला उभंच राहावं लागलं.

हॉलबाहेर गाडीत बसतात न बसतात तोच नणंदेचा फोन वाजला. भावाने आईला आधीच कळवलं होतं. पलीकडून तिची आई इतकी तावातावाने बोलत होती की शब्दन् शब्द वहिनीला ऐकू येत होता. सख्ख्या भावाला चारचौघांत खाली पाहायला लावलं, परकीसाठी. नणंद उसळून काही बोलणार, एवढ्यात वहिनीने फोन मागून घेतला.

"आई, मी बोलतेय."

 घर सोडल्यापासून सासूशी हे तिचं पहिलंच बोलणं.

"वन्संना बोलू नका. 'नाही' मी म्हटलं. दर शनिवारी मी तिथेच असणार, तुमच्या मुलाला सांगून ठेवा."

 म्हातारीने खोल आवाजात विचारलं, "या वयात नाचतेस ती. गुडघे नाही दुखत?"

"दुखतात."

"मग?"

"मग काय. दुखतात, आणि नाचते."