व्हर्जन बारामधल्या खुर्च्या

माणसाने आजवर उभारलेल्या संस्थांपैकी लोकशाही जर कुठे शुद्ध स्वरूपात टिकून असेल, तर ती सर्किट बोर्ड आखण्याच्या एका सॉफ्टवेअरच्या वापरकर्ता मंडळात, असं त्या मंडळाच्या चिटणिसाचं प्रामाणिक मत होतं. मंडळाचे सभासद एकशे साठ. वार्षिक संमेलनाला येणारे नव्वद. मतदानाला हजर असणारे चाळीसेक, कारण मतदान जेवणानंतर असे. त्यातलेही काही जण हात वर करत ते आळस देण्यासाठी. चिटणीस तेही मोजून घेई.

लिफ्ट असो, वजनकाटा असो की दवाखान्यातलं यंत्र, त्याच्या पोटात एक हिरवी पाटी असते आणि तिच्यावर तांब्याच्या बारीक रेघा असतात. त्या रेघा कुणीतरी बसून आखलेल्या असतात हे जगाला ठाऊक नाही आणि त्यावाचून जगाचं काही अडलेलंही नाही. चिटणीस चोवीस वर्षं त्या रेघा आखत होता. दोन खोल्यांचं वर्कशॉप, तीन टेबलं, एक भिंग आणि सोल्डरचे डाग देऊन देऊन जळक्या वासाचा झालेला एक पडदा. त्याचं पोट जुन्या यंत्रांवर चाले. ज्यांचे कारखाने कधीच बंद पडले, अशा यंत्रांचे बोर्ड जळाले की लोक त्याच्याकडे येत. तो जुनी फाईल उघडी, तोच बोर्ड पुन्हा करून देई आणि यंत्र आणखी दहा वर्षं कुरकुरत चाले. अशा तेवीसशे फायली त्याच्याकडे होत्या.

आणि त्या वर्षी सॉफ्टवेअर काढणाऱ्या कंपनीने कळवलं की येणाऱ्या व्हर्जन बारामध्ये जुन्या पद्धतीच्या फायली उघडणार नाहीत. वर्ष संपताच सध्याचं व्हर्जन अकरा आपोआप बंद पडेल. म्हणजे फायली जिवंत राहणार होत्या, फक्त भेटीगाठी बंद.

यावर इलाज एकच होता : तक्रारीचा तास. एकोणीस वर्षांपूर्वी मंडळाने कंपनीशी लेखी करार केला होता. संमेलनाच्या शेवटच्या तासात सभासदांनी बहुमताने एक मागणी, फक्त एक, ठरवायची आणि कंपनीने ती पुढच्या व्हर्जनमध्ये मान्य करायची. कंपनीने शब्द पाळला होता. एका वर्षी तर सभासदांनी, चूक झाल्यावर सॉफ्टवेअरने इतकं जोरात ओरडू नये, एवढंच मागितलं होतं. तेही मिळालं.

मागणी मांडायचं काम वकिलाचं. वकील म्हणजे खरा वकील नव्हे. तोही बोर्डच आखायचा, एका मोठ्या कारखान्यात. पण पहिल्याच तक्रारीच्या तासात त्याने कंपनीच्या इंजिनिअरची अशी उलटतपासणी घेतली की त्या बिचाऱ्याने स्वतःच्या चष्म्याचा नंबरही कबूल केला असता. तेव्हापासून तो वकील. मंडळ चिटणिसाने आणि त्याने मिळून काढलं होतं. दोघांनी कंपनीला एक तक्रारीचं पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही, म्हणून संस्था काढली. दोघांची मैत्री अशा भक्कम पायावर उभी होती.

"तेवीसशे फायलींची केस आहे," चिटणीस त्याला म्हणाला होता. "हरलो तर दुकानाला कुलूप."

"तू फक्त हात मोज," वकील म्हणाला. "हात वर करवून घ्यायचं माझ्यावर सोड."

संमेलन नऊ दिवसांवर आलं, तेव्हा सभागृहाच्या बैठकीचा आराखडा यायचा होता. तो आराखडाही हे लोक त्याच सॉफ्टवेअरमध्ये काढत. प्रत्येक खुर्ची हा एक सुटा भाग, तिला नंबर. मधली वाट म्हणजे दोन रेघांमधलं अंतर. शेवटी सॉफ्टवेअरची नियमतपासणी चालवायची, की दोन खुर्च्या फार जवळ आल्या असतील तर ते लाल खूण करून दाखवी. साधी माणसं हे काम कागदावर पाच मिनिटांत करतात. यांना दोन दिवस लागत, पण खुर्च्या कधी एकमेकींना चिकटल्या नाहीत. हे काम दरवर्षी वकिलाकडे असे.

सकाळी दहाला फाईल आली. चिटणिसाने चहाचा कप बाजूला ठेवून ती उघडायला घेतली. उघडली नाही. पडद्यावर चौकट आली : ही फाईल व्हर्जन बारामध्ये साठवलेली आहे. कृपया आपलं सॉफ्टवेअर अद्ययावत करा.

चिटणिसाने चौकट बंद केली. पुन्हा उघडली. चौकट तेच म्हणाली.

व्हर्जन बारा अजून जन्माला आलेलं नव्हतं. त्याचं अनावरण संमेलनातच व्हायचं होतं. आजच्या तारखेला ते फक्त कंपनीच्या आत होतं, कंपनीच्या माणसांच्या टेबलांवर. आणि मंडळाच्या घटनेत कलम चार होतं : पदाधिकाऱ्याने कंपनीकडून पेनापेक्षा मोठी वस्तू घेऊ नये. कलम वकिलाने सुचवलं होतं. चिटणिसाने तेव्हा 'पेन किंवा तत्सम' असं लिहिलेलं, तर 'तत्सम' वकिलाने हट्टाने खोडायला लावलं.

त्याने फोन लावला.

"अरे, ती खुर्च्यांची फाईल उघडत नाहीये."

पलीकडे एक श्वास गेला. एकच, पण एकोणीस वर्षांच्या ओळखीत माणसाला श्वासही मोजता येतात.

"असं? थांब, पुन्हा पाठवतो."

पाच मिनिटांत दुसरी फाईल आली. व्हर्जन अकरामधली. सोबत निरोप : 'आता बघ.' आधीच्या फाईलबद्दल चकार शब्द नाही.

ही उघडली. नियमतपासणीत शून्य चुका. सगळं नेहमीसारखं. फक्त मंचावर एक गोष्ट वेगळी होती. दरवर्षी मंचावर डावीकडे मंडळाच्या तीन खुर्च्या असत, चिटणीस, वकील आणि खजिनदार आजोबा यांच्या, आणि उजवीकडे कंपनीच्या दोन. यंदा डावीकडे दोन होत्या आणि उजवीकडे तीन.

वकील खोटं बोलू शकत होता, पण चुकीचा आराखडा काढणं त्याच्या रक्तात नव्हतं.

घरी चिटणिसाने ही हकिगत बायकोला सांगितली. बायको दातांची डॉक्टर होती आणि माणसांबद्दलचं तिचं मत एकूण दातांबद्दल होतं तेच होतं.

"अहो, मग विचारा ना त्याला सरळ."

"विचारलं तर तो खरं सांगेल."

"मग?"

"मग खरं असेल."

बायकोने चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. "चिटणीस," ती म्हणाली (रागावली की ती त्याला पदाने हाक मारी), "ठणका लागल्यावर येणारे पेशंट नेहमी हेच म्हणतात. म्हणे एक्सरे काढू नका, काढला तर दिसेल."

चिटणिसाने एक्सरे काढला नाही. त्याने आराखडा उघडला, उजवीकडची तिसरी खुर्ची उचलली, डावीकडे आणून ठेवली, फाईल साठवली आणि परत पाठवली. सोबत लिहिलं : 'एक बदल केला आहे.' उत्तर आलं : 'ठीक.' त्या 'ठीक'वर तो तीन दिवस जगला.

तरी सावधगिरी म्हणून तो आजोबांकडे गेला. आजोबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, रेडिओच्या जमान्यातले, रेघा अजून मनातल्या मनात आखणारे.

"आजोबा, वेळ पडली तर मागणी तुम्ही मांडाल?"

"मांडीन की. पण वकिलाला काय झालं? घसा?"

"घसा उत्तम आहे."

"मग वेळ का पडेल?" आजोबांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "मांडीन. फक्त जेवणानंतर मला जरा डोळा लागतो. कोपर मारायचं."

संमेलनाचा दिवस उजाडला. नावांच्या पट्ट्या गळ्यात अडकवून नव्वद माणसं आली आणि नव्वदच्या नव्वद माणसांनी आधी सभागृहाच्या माइकची वायर तपासली. खुर्च्या आराखड्यानुसार मिलिमीटरमध्ये लागल्या होत्या. चिटणीस मंचाकडे गेला. डावीकडे दोन. उजवीकडे तीन.

त्याने तिसरी खुर्ची उचलून डावीकडे आणली. जेवून परत आला तेव्हा ती उजवीकडे होती.

तक्रारीचा तास सुरू झाला. कंपनीच्या मॅडम आणि एक इंजिनिअर उजवीकडे बसले. आजोबा चिटणिसाशेजारी बसले आणि त्यांची मान हळूहळू छातीकडे निघाली. वकील मात्र बसलाच नाही. तो माइक घेऊन मंचाच्या बरोबर मधोमध उभा राहिला.

आणि काय बोलला! जुन्या फायलींसाठी त्याच्याइतकं सुंदर कुणीच बोललं नसतं. माणसाच्या कष्टांबद्दल बोलला, आठवणींबद्दल बोलला. चिटणीस खुर्चीत पुढे सरकून ऐकू लागला. आपण मित्रावर उगाच संशय घेतला, असं वाटून त्याला स्वतःची लाज वाटली. ती लाज साधारण दोन मिनिटं टिकली.

"माझा एक मित्र आहे," वकील म्हणाला. "त्याच्याकडे अशा तेवीसशे फायली आहेत. त्याने मला एकदा सांगितलं, काम नसलं की तो नुसतीच एखादी जुनी फाईल उघडून बसतो. बरं वाटतं म्हणे. मित्रहो, मी विचारतो, तो वर्कशॉपमध्ये कामाला जातो, की भेटीला?"

सभागृह हसलं. प्रेमाने हसलं. हे वाक्य चिटणिसाने फक्त एका माणसाला सांगितलं होतं, वडील गेले त्या आठवड्यात.

"आपण किती दिवस जुनं ओझं वाहायचं?" वकील पुढे म्हणाला. "एकच मागणी मिळते, तर ती उद्यासाठी मागू या! वर्षानुवर्षं आपण पांढऱ्या पडद्याकडे बघून डोळे फोडून घेतोय. मी मागणी मांडतो : काळा बॅकग्राउंड!"

टाळ्या पडल्या. डोळे सगळ्यांचेच दुखत होते, जुन्या फायली सगळ्यांकडे नव्हत्या. गेल्या वर्षी सभासदांच्या मागण्यांच्या यादीत हीच दोन नंबरला होती आणि ती यादी वकिलाकडे होती. कुंपणाने शेत खाल्लं, आणि तेही भूक लागलेल्या सगळ्यांना बोलावून.

"आणि एक आनंदाची बातमी," मॅडम उठून म्हणाल्या. "आपले वकीलसाहेब पुढच्या महिन्यापासून आमच्याकडे ग्राहक-संवाद प्रमुख म्हणून येत आहेत. म्हणजे तुमचाच माणूस आता आमच्या घरात!"

वकील तिसऱ्या खुर्चीवर जाऊन बसला. चिटणिसाने आजोबांना कोपर मारलं. आजोबांनी हुंकार दिला. त्याने माइक ओढून स्वतःच जुन्या फायलींची मागणी मांडली, तीन वाक्यांत. चौथं त्याला सुचलं नाही, कारण त्याची सगळी वाक्यं वकिलाने मघाशीच वापरून टाकली होती.

मतमोजणी चिटणिसाने करायची, असं घटनेत होतं. घटना त्यानेच लिहिली होती. जुन्या फायली : नऊ. मग काळा बॅकग्राउंड. तो रांगेरांगेने बोट फिरवत मोजत गेला. एकतीस. एकतिसावा हात त्याच्या शेजारी होता. आजोबा नुकतेच जागे झाले होते आणि कोपर मारल्याचं त्यांना आठवत होतं, कोणत्या मागणीसाठी ते मात्र नाही.

संध्याकाळी रिकाम्या सभागृहात तो बॅनर गुंडाळत होता, तेव्हा वकील आला आणि बॅनरचं दुसरं टोक धरलं. एकोणीस वर्षं तेच टोक तो धरत आला होता.

"रागावलास."

"टोक सरळ धर."

"अरे, व्हर्जन बाराचा निर्णय झालेलाच होता. वर्षभर आधी. मतदान काहीही झालं असतं तरी त्यांनी पळवाट काढली असती. मग हरण्यापेक्षा काहीतरी मिळवलं, इतकंच."

"तुला मिळालं."

"मला पोरीचं शिक्षण आहे, कारखान्यात कपात चाललीय. तुला कधी बोललो नाही. तू विचारलं असतंस त्या दिवशी फोनवर, तर सगळं सांगितलं असतं."

"म्हणूनच नाही विचारलं."

वकिलाने खिशातून एक पाकीट काढलं. "तुझ्यासाठी व्हर्जन बाराचं लायसन्स मागून घेतलंय. आयुष्यभराचं."

"त्यात माझ्या फायली उघडतात?"

"नाही."

"मग पेनापेक्षा मोठं आहे ते," चिटणीस म्हणाला आणि बॅनर काखेत मारून निघाला. दाराशी त्याला वाटलं की मागून हाक येईल. मागून खुर्च्या रचल्याचा आवाज आला. वकील खुर्च्या नीट रचत होता, दहा-दहाच्या गठ्ठ्यात. काम त्याने कधीच अर्धवट टाकलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून चिटणीस एकेक जुनी फाईल उघडून तिचे सगळे थर कागदावर छापू लागला, म्हणजे निदान बघून पुन्हा आखता येईल. एका फाईलला सहा कागद. बायको म्हणाली, "घरात हे ठेवायचे नाहीत," आणि पंधरा दिवसांनी दवाखान्यातलं एक कपाट रिकामं करून दिलं. मंडळाचा राजीनामा त्याने लिहिला, पण तो स्वीकारायचा अधिकार घटनेप्रमाणे चिटणिसाचाच असल्याने तो टेबलावर पडून राहिला. वकिलाचे दोन फोन आले. त्याने ते वाजू दिले.

तो सातशे बाराव्या फाईलवर होता, तेव्हा दोन ओळींचं पत्रक आलं. कंपनी विकली गेली होती. नव्या मालकांनी ग्राहक-संवाद विभाग बंद केला, व्हर्जन बारा रद्द केलं आणि व्हर्जन अकराची वर्षअखेरची मुदत काढून टाकली.

सगळे अजून व्हर्जन अकराच वापरतात.